साक्षीची तयारी

२ फेब्रुवारी, सोमवार
मैदान झाले. थंडी कमी. सैन्यभरतीची तारीख अजून नाही. पटले सर (मैदानावर आमचा पळण्याचा सराव घेतात) म्हणतात, तारखेची वाट पाहू नको, पाय चालू ठेव.
काल कुडव्याला प्रार्थनाघरात फिलिप काकांनी (आमचे पाळक) सर्वांसमोर सांगून टाकले की बावीस तारखेला मी साक्ष देणार. देवाने माझ्यासाठी काय केले ते उभे राहून सांगायचे. घरी दवनीवाड्यापर्यंत गाडी कशी चालवली आठवत नाही. चार माणसांत मला स्वतःचे नावही नीट सांगता येत नाही.
ठरवले, पळण्याचा सराव करतो तसाच याचाही करायचा. रोज मैदानानंतर कालव्यावर प्रा. (प्रार्थना), मग साक्ष मोठ्याने म्हणायची.

५ फेब्रु., गुरु.
प्रा. करताना मन गोठ्यात. म्हशीचा खुंटा ढिला झाला आहे, तोच डोळ्यांपुढे. उठणारच होतो. मग सरांचे आठवले: दम लागला तर चाल, पण मैदान सोडू नको. बसून राहिलो. शब्द सुचत नव्हते म्हणून नुसती नावे घेतली. आई, बाबा, शुभम, सर. ही चालण्याची प्रार्थना. संपली तेव्हा बरे वाटले.
घरी येऊन खुंटा ठोकला.

९ फेब्रु., सोम.
मूर्खपणा. काल दिवसभर उपास केला आणि आज तसाच पळायला गेलो. वळणावर डोळ्यांपुढे अंधार. बसलोच खाली.
शुभम (माझ्यासोबत पळतो) वाकून बघत होता. "का बे पादरी, तुह्या येशूनं चाय बी बंद केली का?"
सरांनी गूळ-शेंगदाणे दिले आणि झापले. "उपाशी पळणं म्हणजे शिस्त नाही, तोरा आहे. कोणाले दाखवून राहिला?"
कोणाला ते मला माहीत आहे. काकांना उपासाचे आधीच सांगून आलो होतो. फोन करून झाले ते सांगितले. हसले. "तुझे सर बरोबर बोलले. आधी जेव."
दोन वेळा भात घेतला.

१३ फेब्रु., शुक्र.
घरात गोंधळ. सकाळी कालव्यावर म्हणत होतो, "आज मी तुमच्यासमोर साक्ष देण्यासाठी उभा आहे." आई शेतातले लाखोळीचे पीक पाहायला आली होती. तिने ऐकले. जेवताना बाबांसमोर:
"कोनाच्या भानगडीत पडला तू? कोर्टात साक्ष देऊन रायला? भरतीले पोलीस चौकशी होते, समजते का नाही?"
मामाच्या धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) केसमध्ये आई साक्षीला उभी होती. तिला साक्ष म्हणजे तेवढेच माहीत. म्हटले, कोर्टात नाही, प्रार्थनाघरात.
बाबा ताटावरून उठून बाहेर गेले. मी कुडव्याला जातो हे दोघांना ठाऊक आहे, पण आमच्या घरात त्यावर कोणी बोलत नाही.
आई बसून राहिली. "मंग साक्ष कायले म्हनते?"
मी भात कालवत राहिलो.
"म्हनून दाखव."
म्हटली सगळी. ती म्हणाली, "‘मी अंधारात होतो, मले उजेड दिसला’ म्हनते. हे तू पाह्यलं का? वकील एका सवालात आडवा करते. डोळ्यानं पाह्यलं तेवढंच सांगाव."

१४ फेब्रु., शनि.
तेच डोक्यात. खरे आहे. अर्धी साक्ष इतरांची ऐकून जोडलेली. मी अंधार पाहिला तो फक्त सोमवारी, वळणावर.
मग पाहिले काय?
गेल्या वर्षी भरतीत शेवटच्या फेरीत बाहेर पडलो. घरी तोंड दाखवायचे नव्हते. गोंदियातच भटकत होतो, आणि काकांच्या शिलाईच्या दुकानासमोर बसलो. ओळख नव्हती. त्यांनी नावापलीकडे काही विचारले नाही. चहा दिला, झोपायला जागा दिली. सकाळी जाग आली तेव्हा पाहिले. काकांचे दोन्ही गुडघे गेलेले. मशीन धरून हळूहळू खाली उतरले, गुडघ्यांवर बसले, ओठ चावून. मग प्रार्थनेत माझे नाव घेतले. उठायला त्याहून जास्त त्रास. विचारले तर म्हणाले, रोजचेच आहे.
त्या दिवशी घरी आलो आणि पुन्हा पळायला लागलो.
एवढेच पाहिले आहे. फार छोटे वाटते. लोक म्हणतील यात देवाने काय केले?

१८ फेब्रु., बुध.
जुनी साक्ष सोडली. नवी म्हणतो आहे. पाठ करावी लागत नाही.
शुभमला ऐकवली. "बस? इतकंच?" मग बुटाची नाडी बांधता बांधता, "त्याइले सांग, गुडघ्याले मोहाचं तेल लावत जा म्हना. आमची आजी लावते."

२१ फेब्रु., शनि.
सरांचा नियम: शर्यतीच्या आदल्या दिवशी पळायचे नाही. साक्षीलाही तोच लावला. आज म्हटली नाही. प्रा. साधी. बूट धुऊन वाळत घातले.
आई: "बूट काऊन धुतले? तिथं पळाचं आहे का?"
"नाही. उभं राहाचं आहे."
तिने बूट उन्हाकडे वळवले. "मी बी येऊन पाहीन. खोटं बोलला तं तिथंच उठून सांगीन." मग विचारत बसली, चपला कुठे काढायच्या, बायका कुठे बसतात, डोक्यावर पदर घ्यावा लागतो का. सगळे सांगितले. मग नीट जेवलो.
बाबा ओट्यावर होते. आत न बघताच म्हणाले, "दोघं जान तं गाडीत पेट्रोल पाहून घेजा."
जाऊन पाहिले. टाकी भरलेली होती. मी भरली नव्हती.