करंगळी बधिर झाली

गुरुवार, रहिमतपूर. दिवेलागण झाली.



स्पीडरन, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणं, सुरू करून महिना झाला. नव्या जगात रिकाम्या हातांनी उतरायचं आणि लाकूड तोडण्यापासून ड्रॅगन मारेपर्यंत सगळं घड्याळ लावून करायचं. आज शिवण लवकर आवरलं आणि लॅपटॉपवर बसले. पहिल्यांदाच ड्रॅगनपर्यंत पोचले! आणि तेवढ्यात डावी करंगळी बधिर झाली. बटण दाबलं गेलं की नाही, तेच कळेना. दरीत पडले. संपलं सगळं.

मुंग्या आल्या असतील म्हणून सोडून दिलं. उद्याचं काम घेऊन पुन्हा शिलाई मशीनवर बसले, तर सुई त्याच करंगळीला घासून गेली. रक्त आलं, पण दुखलं नाही. का नाही दुखलं?

ह्यांनी बघितलं. “अगं, रक्त येतंय की! कवापास्नं हाय हे?”

“आवं, आत्ताच लागलंय.” बोट आठवडाभर असंच अधूनमधून बधिर होतंय, ते सांगितलंच नाही.

“लय शिवतेस तू. उद्या साताऱ्याला डॉक्टरकडं जाऊ.” बिचारे शिवणाला दोष देतायत. मग त्यांनी करंगळीत नख रुतवलं. “दुखतंय का?”

“व्हय की.”

काहीच जाणवलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ह्यांनी गेम बंद करून लॅपटॉप कपाटात ठेवला असता, एवढंच सुचलं मला. माझं पोट ह्या हातांवर, आणि मी आधी गेम वाचवला. बोटापेक्षा त्याचीच धास्ती बसलीय.

उद्या डॉक्टरांपुढं तरी खरं बोलेन ना मी?