सांगडीचा चौथा भोपळा

भोपळा कानाशी धरून तुम्ही हलवता, दादा, आणि डोळे मिटून घेता. आत बी खुळखुळतं. "वाजतोय बराबर," म्हणता आणि पुढचा उचलता. मी अंगणात बसून अंबाडीच्या दोरीला करंजीचं तेल लावते आहे. सांगडीचं सामान नेहमी असंच निघायचं: चुलीवरच्या धुरात वर्षभर टांगलेले चार कडू भोपळे, त्यांचं जाळं, वर बांधायची फळी, दोरी, मेणाचा गोळा, थोड्या चिंध्या. पैनगंगेला पूर आला की पलीकडे वऱ्हाडात जाणारी माणसं या फळीवर पालथी पडत आणि तुम्ही मागून पोहत ती ढकलत नेत असा. इतक्या पावसाळ्यांत तुमच्या हातून एकही माणूस गेलं नव्हतं.

बी वाजतं त्या भोपळ्याला भोक नाही, ही तुमची खूण. बियाण्यासाठी दरवर्षी एक भोपळा वेगळा ठेवून फोडायचा. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. त्या वर्षी मी तो ओल्या कोपऱ्यात ठेवला आणि तो कुजला. तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही रागावला असतात, चांगल्यातला एक फोडला असता, चौथा कुणाकडून तरी मागून आणला असता. एवढंच झालं असतं. मी चांगल्या भोपळ्याच्या देठाशी तापल्या सळईने बोटाएवढं भोक पाडलं, बी काढलं, सात-आठ बिया परत आत सोडल्या, चिंधी ठासली आणि वर मेण लावलं. मेण सगळ्याच देठांना असे. पाण्यात दाबून पाहिला तेव्हा बुडबुडे आले नाहीत. मला वाटलं, निभावलं.

ती म्हातारी कळमनुरीकडून चालत आली होती. पलीकडे तिची बहीण आजारी होती. लुगड्याचा काचा घट्ट करत तिने सांगडीकडे पाहिलं.

"काहून रे, पेलतील का मला तुजे भोपळे?"

"तुला पेलतील. तुज्या तोंडाचं सांगता येत न्हाई."

"मेल्या! बहिणीला भेटून येऊ दे, मंग दाखवते तुला तोंड."

ती हसतच पालथी पडली. माणसाला फळीशी बांधायचं नसतं, सांगड उलटली तर सुटता यावं म्हणून. तिने दोन्ही हातांनी फळीची कड धरली. मी काठावरून पाहत होते. मधल्या धारेत फळीचा एक कोपरा खाली गेला. तुम्ही त्या बाजूला आलात, खांदा लावलात. कोपरा वर आला नाही. मग फळी उभी राहिली. मला त्यानंतर फक्त पाणी दिसलं.

तुम्ही बरंच खाली, वळणाच्या पुढे, एकटेच बाहेर निघालात. सांगड तुमच्या हातात होती. मी धावत आले तेव्हा तुम्ही जाळं सोडलं होतं. तीन भोपळे कोरडे वाजले. चौथ्यातून पाणी ओतलंत, आणि त्याच्याबरोबर तळहातावर बिया आल्या. तुम्ही भोकात बोट घातलंत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. "घरी चल, लेकरा," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही सांगड बांधली नाही. नदीवर राहून नदीत उतरला नाहीत. शेजारपाजारचे म्हणत, वय झालं. तुमचं वय झालं नव्हतं. मला तुम्ही शिकू दिलंत, सासरी पाठवलंत, दर दिवाळीला न्यायला आलात, आणि तो भोपळा आपल्या बोलण्यात एकदाही आला नाही. तुम्हाला कळलं होतं का, हे मी तुम्ही असेपर्यंत विचारू शकले असते. तुम्ही गेल्यावर विचारते आहे, म्हणजे उत्तर नको असावं. तुम्ही असतात तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं.

सांगड उलटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीचा पोरगा आला होता. तुम्ही त्याच्या पायांवर डोकं ठेवलंत. "भोपळा पारखायला मी चुकलो," म्हणालात. मी आतून तांब्या आणला आणि त्याला पाणी दिलं.