अत्याचाराचा कप्पा

ता. ९ मार्च

चि. चिमीस अ. उ. आ.

फोन बंद आहेत, म्हणून भाजीच्या ट्रकवाल्याच्या हाती हे पत्र देते. तुझ्या दाजींना आपल्याच सैनिकांनी नेलं. पाण्याच्या टाकीचा पंप बघायला गेले होते. पिशवीत वायरी सापडल्या. वायरमनच्या पिशवीत वायरी नाहीतर काय लोणी सापडणार? गल्लीतले आणखी पुरुषही नेलेत. छावणीतून सुटलेला एक म्हातारा सांगतो, उलटं टांगून मारतात.

तू बातम्यांच्या वाहिनीत आहेस. माणसाचं तोंड एकदा टीव्हीवर दिसलं की त्याला गायब करणं जड जातं म्हणे. तेवढं कर, बाई. फोटो जोडलाय.

तुझी वाट बघणारी,
ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र घेऊन तशीच संपादकांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, वाईट झालं, पण शत्रूने केलं असतं तर किती सोपं झालं असतं.

आमच्याकडे फोटोंचे दोन कप्पे आहेत. एकाचं नाव ‘अत्याचार’. त्यातल्या फोटोंना व्हायोलिन मिळतं, चर्चेला चार पाहुणे मिळतात. दुसरा ‘तपशील येत आहेत’. तपशील लढाई सुरू झाल्यापासून येताहेत, अजून वाटेतच आहेत. दाजींना त्यात ठेव, असं मला सांगितलं होतं.

ताई, माझ्या डोक्यात फक्त ते उलटं टांगणं होतं. त्याला अत्याचार म्हणतात, म्हणून फोटो त्या कप्प्यात गेला. तो कप्पा फक्त शत्रूसाठी राखीव आहे हे त्या क्षणी सुचलंच नाही. संध्याकाळी बघते तर पडद्यावर दाजी, खाली ‘शत्रूच्या तावडीत निष्पाप वायरमन’, आणि निवेदिका चक्क दोन्ही डोळ्यांनी रडत होती. संपादकांनी माझी पाठ थोपटली. फोटो कुठून आला, हे ते विसरले की विसरायचं ठरवलं, कळत नाही.

चूक कबूल केली तर फोटो काढतील. गप्प बसले तर खोट्यात सामील. तू सांगशील तसं करेन.

लोभ ठेव, रागावलीस तरी थोडा ठेव.
चिमी

ता. २३ मार्च

चि. चिमीस अ. उ. आ.

गप्पच बस. दाजी घरी आले.

सगळा देश विचारायला लागल्यावर सैन्याला त्यांना शोधावंच लागलं. आपल्याच छावणीतून त्यांची ‘सुटका’ झाली, हार घालून, कॅमेऱ्यासमोर. शत्रूने काय काय केलं, असं तुमच्या वार्ताहराने पुन्हा पुन्हा विचारलं. हे आपले एकच म्हणत राहिले, घरी जायचंय. खाली पट्टी आली, ‘शत्रूच्या छळाने वाचा गेली’.

वाचा चांगली शाबूत आहे. उजव्या हाताने पक्कड धरवत नाही, म्हणून मी भरवते, तर घास मोठा झाला म्हणून कुरकुर करतात. परवा म्हणाले, खरं सांगून टाकतो. मी म्हटलं, जरूर सांगा, पण सगळे सुटून आल्यावर. त्यावर तोंड फिरवून झोपले. ते चुकले की मी, हे तू लढाई संपल्यावर ठरव.

आज सकाळपासून दारात बायका येताहेत. बेकरीवाल्याची आई, शिंपीणबाई, शाळेतल्या शिपायाची बायको. कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्येकीने आपापल्या माणसाचा फोटो आणलाय आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, आमच्यालाही शत्रूनेच नेलं असं दाखवा. समोरच्या नव्या नवरीकडे एकच फोटो आहे, त्यात तो हसतोय. चालेल का, म्हणून विचारत होती. मी चालेल म्हणाले.

पाकीट सोबत आहे. सगळे त्याच कप्प्यात टाक.

तुझ्याकडे डोळे लावून बसलेली,
ताई