शेमा, शेवटच्या शब्दापासून

रास्ता पेठ, पुणे

प्रिय सिपोराताईस, धाकट्या एलिझरचा शालोम.

मी ठीक आहे. डावा डोळा जरा धूसर झालाय, पण तू मनावर घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे? विहिरीवर जात नाहीस ना?

इथल्या सिनेगॉगमध्ये दर रविवारी आम्हा मोठ्यांचा हिब्रू वाचनाचा वर्ग भरतो. शिकवणारी यायेल नर्स आहे, त्यामुळे चालढकल चालत नाही. आम्हाला प्रार्थना तोंडपाठ आहेत हे ओळखून ती प्रत्येक ओळ शेवटच्या शब्दापासून वाचायला लावते. आज शेमा प्रार्थनेची पहिली ओळ माझ्या वाट्याला आली आणि सत्तर वर्षं रोज म्हणतोय तीच ओळ मला वाचता येईना.

"एलिझर अंकल, आठवू नका, वाचा," ती म्हणाली.

ताई, पप्पा प्रार्थनेचं पुस्तक माझ्या हातात द्यायचे आणि तुला चुलीकडे पाठवायचे. त्याचा राग तू अजून धरून आहेस, मला ठाऊक आहे. पण मला तेव्हाही वाचता येत नव्हतं गं. पप्पांचं बघून मी नुसती पानं उलटायचो, आणि अडलो की चुलीपाशी तू पुटपुटायचीस ते ऐकून सावरायचो.

वर्गात बायका-पुरुष एकाच बाकावर बसतात. गुडघा बरा झाला की ये, स्वारगेटला घ्यायला येतो. या वेळी पुस्तक तू धर.

तुझा,
एली