वकीलबाईंच्या भिंतीवरचं घड्याळ

३ फेब्रुवारी

वकील फुकट नाही!

इथे जर्मनीत वकील कोर्टाने दिलाय म्हणजे पैसेही कोर्टच देणार, असं आजवर धरून चाललो होतो. आपल्याकडे गरिबाला तसाच देतात. आज दुभाषी नीलिमाताईंनी वकीलबाईंचं पत्र वाचून दाखवलं. सुटलो तर खर्च सरकारचा. शिक्षा झाली तर माझा. हप्ते पाडून देतात म्हणे.

यमुनाला कळवलेलं नाही. तिकडे मिरजेत ती अजून साहेबाची बायको आहे.

६ फेब्रुवारी

नीलिमाताईंबरोबर वकीलबाईंकडे. बाई भल्या वाटल्या, पण भिंतीवर हे मोठं घड्याळ! आमच्या हॉटेलचा मालक, शेठ, नेहमी सांगायचा, त्याचा वकील पंधरा मिनिटांवर पैसे घेतो. तेच डोक्यात बसलेलं. बाईही तसेच घेतात का, विचारावं म्हटलं, पण विचारण्यातही मिनिटं जाणारच.

भराभर सांगून टाकलं. त्सुफेनहाउझेनच्या हॉटेलात मी आचारी. दोन वर्षांपूर्वी शेठ म्हणाला, "जयंतराव, कागदावर तुमचं नाव लावतो. गेशेफ्ट्सफ्युरर! म्हणजे मॅनेजर. मान तुमचा, डोकेदुखी माझी." सही केली. नोकरांच्या विम्याचे पैसे शेठने भरलेच नाहीत. तो दुबईत जाऊन बसला, हॉटेलला टाळं, आणि खटला माझ्यावर.

बाई म्हणाल्या, "कारभार मालकाचा होता, तुम्ही फक्त स्वयंपाक करत होता, हे पटलं तर सुटाल. याच्या उलट जाईल असं काही आहे? असलं तर मला आत्ताच सांगा."

आहे. शिऱ्याची गोष्ट आहे. ती सांगायची म्हणजे अर्धा तास गेलाच. काट्याकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही."

एकवीस मिनिटांत बाहेर! घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होतो.

९ फेब्रुवारी

ती गोष्ट इथे लिहितो. वहीला पैसे पडत नाहीत.

नाव लागलं त्या दिवशी दोन किलो रव्याचा शिरा केला. केळं, केशर, तूप सुटेपर्यंत. वेटरपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांना वाटला. "आजपासून साहेब म्हणायचं मला!" कागदाचा फोटो मिरजेला पाठवला, तिथे यमुनाने पेढे वाटले.

पुढे गौरांगला रजा हवी होती. हा आमचा वेटर, नाशिकचा, माझ्याच वयाचा. शेठ गावात नव्हता. मी ऐटीत सही ठोकली. वर शिक्काही मारला. दोन वर्षांत एकच रजा — पण दिली!

कशाला हवी होती एवढी हौस?

१७ फेब्रुवारी

बाईंचा निरोप: काही आठवलं असेल तर येऊन जा. गेलो नाही.

२४ फेब्रुवारी

भीती वाटते. फार भीती वाटते. टपालपेटी उघडायच्या आधी फटीतून बघतो — कोर्टाचं पिवळं पाकीट तर नाही? हॉटेल बंद पडल्यापासून एका कँटीनमध्ये रांधतो, तिथे आज डाळीत दोनदा मीठ घातलं. चार तासांचं काम, तेही जाईल. शिक्षा झाली तर व्हिसा जाईल. यमुनाचा फोन आला, "आवाज असा का?" म्हणालो, सर्दी.

५ मार्च

कोर्टाचा पहिला दिवस. बाई उत्तम बोलल्या. न्यायाधीश मान डोलावत होते. वाटलं, सुटलो!

मग समोरचा सरकारी वकील म्हणाला, वेटरला बोलवा. म्हणजे आणखी एक दिवस. दिवसाचे पैसे वेगळे, एवढं तरी मला माहीत होतं. बाहेर बाईंनी विचारलं, "गौरांग काय सांगेल?" मी म्हणालो, "चांगलंच सांगेल." तिथल्या भिंतीवरही घड्याळ होतं.

१२ मार्च

गौरांगने माझ्याकडे बघितलंच नाही. विचारलं तेवढंच बोलला. "साहेब म्हणायला यांनीच सांगितलं. शिरा वाटला होता. माझी रजा यांनीच मंजूर केली." एक अक्षर खोटं नाही.

बाई वळून माझ्याकडे बघत राहिल्या. मग घाईघाईने एकदोन प्रश्न विचारले. शेवटी न्यायाधीश म्हणाले, हा माणूस स्वतःला मॅनेजर समजत होता आणि तसा वागतही होता.

एक वर्षाची शिक्षा. लगेच तुरुंगात जायचं नाही, पण पुन्हा काही केलं तर जायचं. खर्च आरोपीचा.

जिन्यात बाई थांबल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "हे आधी कळलं असतं तर मी गौरांगलाच विचारलं असतं. कामावर कोणी ठेवलं? पगार कोण द्यायचं? सगळ्याचं उत्तर शेठच होतं ना?"

होतं.

२२ मे

बिल आलं. नीलिमाताईंनी एकेक ओळ वाचली. खटल्याची ठरलेली रक्कम. कोर्टाचे दोन दिवस. टपालखर्च.

"आणि बाईंकडे बसून बोललो, ती मिनिटं?"

"मिनिटं मोजतच नाहीत, जयंतराव. रोज जाऊन दिवसभर बोलला असतात, तरी रक्कम हीच आली असती."