पांढरीच्या घरट्यात काय होतं

आबा, आज मी माझ्या लेकीवर हात उचलला. मारलं नाही, पण ती अशी मागं सरली की उचललेला हात खाली कसा घ्यावा ते कळेना. तेरावं सरलंय तिला. दोन महिने झाले, घरात तोंड फुगवून फिरते, भांडी आपटते, साधं जेवायला बोलावलं तरी अंगावर येते. आज पाण्याचं मडकं दारातच आदळलं, फुटलं. माझा हात वर गेला आणि तुमचं बोलणं कानात आलं, "हात उगारू नगंस. वाईट न्हाई ती, वयात आलीया." तुम्ही ते सशाबद्दल बोलला होतात. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली, परवा आपल्या राजाचं संस्थानही गेलं, आणि मी इथं नसरापुरात नवऱ्यानं शिकवलेल्या वाकड्यातिकड्या अक्षरात तुम्हाला लिहितेय. तुम्हाला तर एक अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणूनच धीर होतोय बहुतेक.

भाटघरच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा. आपल्या डोंगरावरच्या वस्तीतून तुम्ही रोज खाली साहेबाच्या बंगल्यावर दूध घालायचात. साहेबाची बदली झाली, आणि जाताना मडमेनं सशाचं पिल्लू तुमच्या हातात ठेवलं. पटक्यात गुंडाळून आणलंत तुम्ही ते, नुसते लाल डोळे तेवढे बाहेर दिसत होते. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. "घे," म्हणालात, "म्या मेंढरांमागं जातो, तुला दिसभर बोलाया कुनी न्हाई." आम्ही तिला पांढरी म्हणायला लागलो. माझ्या ओच्यात झोपायची, मी जाईन तिथं मागं यायची. वस्तीतल्या साऱ्या पोरी जळायच्या माझ्यावर, आणि मला त्याचं लई सुख वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पाच-सहा महिन्यांची झाली आणि तिचं काहीतरी फिरलं. घूं घूं करत माझ्या पायांभोवती गरगर फिरायची, टाचेला चावायची. माझ्या घोंगडीवर मुतायची, तेही मी बघत असताना, नेम धरून. सारवलेली भुई उकरून ठेवायची. तिच्या लाकडी खोक्यात चारा ठेवायला वरून हात घातला की पुढचे दोन्ही पाय आपटून अंगावर यायची. मी रडले, मग चिडले, एकदा तिला कानाला धरून उचललं. तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "मेंढा आसता तर खच्ची करून मोकळा झालो आसतो," तुम्ही म्हणालात. "मादीला काय करनार? माजावर आलीया. तिचं तिनं निभवायचं आन् आपुन सोसायचं. वरून हात घालू नगं, तिला वाटतं ससाणा आला. खोक्याला बाजूनं दुसरं दार काढतो. उकराया माती दे एका पाटीत." हे सगळं तुम्ही केलंत. आणि खरंच, माती मिळाल्यावर ती माझी भुई सोडून तिथं उकरायला लागली.

पण एके दिवशी सकाळी ती तोंडात गवताचा भारा धरून खोक्यात नेताना दिसली. दुसऱ्या दिवशी छातीचे केस आपल्याच दातांनी उपटून तिनं मऊ घरटं केलं. तुम्ही ते बघितलंत आणि तुमचा चेहरा असा फुलला की आई गेल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता. "गाभण हाय! डोंगरातला ससा येऊन गेला आसंल." जन्म मेंढरांत गेलेला तुमचा, बिना गाभाची कुठली मेंढी अशी तयारी करते? तुम्ही कोकरांची पहिली लोकर आणून तिच्या खोक्यात ठेवलीत. चार दिवसांनी ती घरट्यावरून हलेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, व्याली. कुणी हात लावू नगा, माणसाचा वास लागंल. मी मात्र लावला होता. आत केस होते, लोकर होती, गवत होतं, बाकी काही नव्हतं. तुमचा आनंद मोडवेना म्हणून बोलले नाही. तेवढ्यापुरती मी चांगली होते, आबा.

मग ते विहिरीवरचं झालं. मी त्याच महिन्यात पहिल्यांदा बाजूला बसले होते. आई नाही, कुणी काही सांगितलेलं नाही, जीव नुसता लाजेनं मरून गेला होता. आणि तुम्ही मेंढरांना पाणी पाजायला आलात आणि बायांनी भरलेल्या विहिरीवर हसत म्हणालात, "माजी लेक आन् ससा, दोगी एकदमच वयात आल्या!" बाया खो खो हसल्या. "मग काय, एकाच मांडवात उरका की दोगींचं!" तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, आज कळतं मला. बायकोविना वाढवलेल्या लेकीचं कौतुक कसं करावं हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? पण त्या दिवशी मला तुमचं तोंड बघवेना. घरी आले, पांढरीला चारा घालायला हात घातला आणि ती कडकडून चावली. मी खोकं उलटं केलं. केस, गवत, लोकर, सगळं चुलीत घातलं. पांढरी मोकळ्या खोक्यात पुन्हा पुन्हा हुंगत राहिली, आणि मी बघत उभी राहिले.

तुम्ही आलात. "पिल्लं कुटं हायती?" दारात मेंढरं राखणारं आपलं तांबडं कुत्रं बसलं होतं. सांडलेली लोकर हुंगत होतं, नाकाला चार केस चिकटले होते. "कुत्र्यानं खाल्ली," मी म्हणाले. जळलं माझं तोंड!

तुम्ही ओरडला नाहीत. आपल्यात ज्या कुत्र्यानं मेंढरांच्या वाड्यातलं पिल्लू खाल्लं त्याला मेंढरांत ठेवत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या गळ्यात दोरी घातलीत आणि वेल्ह्याकडं कुणाच्या तरी दावणीला सोडून आलात. आलात तेव्हा दोरी तुमच्या खांद्यावर होती. "तुजा काय दोष न्हाई," मला म्हणालात, "दाराला कडी म्याच लावली न्हवती." त्या हिवाळ्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली. पांढरी शांत झाली, पुढं चार वर्षं जगली, पण बसायची तुमच्याजवळ. मी हात पुढं केला की आत सरायची.

तुम्ही शेवटी अंथरुणाला खिळलात तेव्हा मी सासरहून आले होते. पाणी पाजताना तुम्ही विचारलंत, "आपलं तांबडं पुन्हा कदी दिसलं का गं?" मी म्हणाले, "न्हाई आबा." तुम्ही डोळे मिटलेत. पिल्लं नव्हतीच हे सांगायला तो एवढाच वेळ होता, आणि मी तुमच्या तोंडावरचं पाणी पुसत बसले.

लेकीनं मडक्याचे तुकडे गोळा केलेत. अजून बोलत नाही, बोलेल. हा कागद डाळीच्या डब्याखाली जाईल, दुसरीकडं कुठं धाडणार? पण लिहायला बसलेच आहे तर राहिलेलंही लिहिते. तांबडं दिसलं होतं, आबा. तुम्ही सोडून आल्यावर दहाव्या दिवशी ते परत आलं, पाय फाटलेले, गळ्यात कुरतडलेली परक्याची दोरी. तुम्ही पलीकडच्या उतारावर मेंढरं घेऊन होतात. शेपूट हलवत ते माझ्यासमोर बसलं. तुम्ही बघितलं असतं तर ठेवून घेतलं असतं, आणि मग रोज मला त्याच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. मी दगड उचलला. पहिला चुकला, दुसरा पायाला लागला. भुंकलंसुद्धा नाही ते. वेल्ह्याच्या वाटेला लागलं, आणि जाता जाता दोनदा थांबून त्या उताराकडं बघत राहिलं, तुम्ही दिसता का म्हणून.