सिद्धाप्पा यांच्या नावचे लायसन्स

मी, गोजाबाई सिद्धाप्पा बंडगर, वय बावन्नच्या आसपास, धंदा कागदी पिशव्या करणे, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दुखते ते पोट, आणि पोटाने कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. मला कोणी दम दिलेला नाही, गोड बोलून बसवलेलेही नाही. दिवाळीनंतर मी एक मृत्युपत्र केले होते, ते या कागदाने रद्द समजावे. त्यात रेडिओबद्दल जे लिहिले होते ते आता मला मान्य नाही. का, ते पुढे येईल.

माझे पती कैलासवासी सिद्धाप्पा येडू बंडगर मूळचे मैंदर्गीचे, इथे गिरणीत कामाला होते. त्यांना जाऊन सात वर्षे झाली. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे दोघे राहतील. एक माझी थोरली जाऊ, बनाबाई मायाप्पा बंडगर. माझे थोरले दीर मायाप्पा तरुणपणीच गेले, तेव्हापासून ती आमच्याशेजारच्या खोलीत राहते. दुसरा तिचा मुलगा भीमाशंकर. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये एक वीट जाडीची भिंत आहे. पलीकडे कोणी उसासा टाकला तरी अलीकडे कळते.

कलम १. माझी पत्र्याची खोली भीमाशंकरला द्यावी. पत्रा उत्तरेकडून गळतो हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे फसवले असे त्याने म्हणू नये.

कलम २. पोस्टात माझे बचतीचे पुस्तक आहे. त्यातून माझे दिवसकार्य साधेपणाने करावे आणि कलम ५ व ६ मधला खर्च भागवावा. उरेल ते भीमाशंकरचे.

तो म्हणतो, "काकू, पुण्याला नेतो, ऑपरेशन करू." त्याने हा विचार सोडावा, असे मी इथे लेखी देते. इथल्याच एका डॉक्टरांकडे मी गेले होते. तपासायची फी वेगळी, पोटाचा फोटो काढायची वेगळी, आणि तो फोटो दुसऱ्या डॉक्टरांकडून वाचून आणायची आणखी वेगळी. मी म्हटले, मी वाचायला माझी मी शिकले आहे, फोटोही मीच वाचते. डॉक्टर हसले नाहीत. पुढच्या वेळी फोटो आणायला विसरू नका म्हणाले. पुढच्या वेळी मी गेलेच नाही.

कलम ३. आता वाचायचे सामान. माझ्याकडचे एक पुस्तक वाचनालयाचे आहे, ते परत करावे. उशीर झाला तर दंड भरू नये, मेलेल्या माणसाला दंड नसतो असे सांगावे. पेपर बंद करावा. पेपरवाला तरीही चार दिवस टाकत राहील आणि पूर्ण महिन्याचे मागेल. त्याला रामहरी शेठशी बोलायला लावावे. पेपर महाग झाला आणि पानांनी कमी झाला, म्हणजे थोडे वाचायला जास्त मोजायचे. वर रद्दीही महाग झाली. माझ्या पिशव्यांचा भाव मात्र कोणी वाढवला नाही. रामहरी शेठ हे किराणा दुकानदार, माझ्या पिशव्या तेच घेतात, त्यामुळे हे वाक्य त्यांनी नीट वाचावे.

मी वाचायला शिकले ती या रद्दीवरच. पण का शिकले, ते सांगितल्याशिवाय रेडिओचे कलम कळणार नाही.

माझे माहेर बार्शीकडचे. मला कानडी येत नाही. आमच्या सासरी सगळे कानडी आणि मराठी एका तोंडाने बोलतात. माझ्या पतींनी हप्त्यावर मोठा रेडिओ घेतला तेव्हा सगळ्या गल्लीत तो पहिला होता. संध्याकाळी गिरणीतून आले, हातपाय धुतले की ते धारवाड स्टेशन लावायचे. पहिला आवाज आला की भिंतीपलीकडून बनाबाई हजर. तिला ते अत्तिगे म्हणायचे, कानडीत वहिनीला म्हणतात तसे. रेडिओवर कोणीतरी काही बोलायचे आणि दोघे हसायचे. मी भाकरी थापत असायचे. मी विचारायचे, काय म्हणाला हो? मग ते थांबून मला मराठीत सांगायचे. सांगून झाल्यावर कोणीच हसत नसे. मीसुद्धा नाही.

एकदा मी म्हटले, "अक्का, तुमच्या घरी काम न्हाई का काय?"

ती म्हणाली, "हाय की. पण तिथं कोन हसवतंय मला?"

माझ्या पतींच्या वागण्यात काही वाकडे नव्हते, हे मी शपथेवर लिहिते. वाकडे असते तर मला सोपे गेले असते. चार माणसांत भांडता आले असते. नवरा वहिनीबरोबर हसतो, ही तक्रार कोणाकडे न्यायची?

आणखी एक. ती त्यांना नावाने हाक मारायची. वहिनीला ते चालते. "ए सिद्धाप्पा, वाइच मोठा कर की." "सिद्धाप्पा, झोपलास व्हय?" दिवसातून कितीदा तरी. मी बायको. मी 'अहो' आणि 'ऐकलं का' यावर संसार केला. लग्नात उखाण्यात एकदा घेतले ते घेतले, नंतर ते नाव माझ्या तोंडून कधी निघाले नाही. ते गेल्यावर तर त्यांना कोणी हाकच मारीनासे झाले.

म्हणून मी वाचायला शिकले. बनाबाईला येत नाही असे काहीतरी मला हवे होते. पिशवीला खळ लावताना कागदावरची अक्षरे पाहायची, आणि रामहरी शेठकडे माल द्यायला गेले की ही कोणती, ती कोणती म्हणून विचारायची. त्यांनी कधी कंटाळा केला नाही, हे मात्र खरे. सि कुठल्याशा सिमेंटच्या जाहिरातीत मिळाला. द्धा मिळायला फार वेळ लागला. शेवटी श्रद्धांजलीच्या चौकटीत सापडला. तिथेच सापडावा हे बरे नव्हते, पण तेव्हा ते ठणठणीत होते. मी ते नाव पाटीवर लिहून त्यांना दाखवले. त्यांनी पाटी हातात घेऊन ते वाचले. मग भिंतीकडे तोंड करून ओरडले, "अत्तिगे, इकडं या, बघा आमच्या हिनं काय केलंय." म्हणजे तेही तिला दाखवलेच.

कलम ४. कोनाड्यात औषधाची एक सीलबंद बाटली आहे. ती कोणी घेऊ नये.

माझे पती छातीने आजारी पडले तेव्हा दवाखान्यात दर सकाळी एक चिठ्ठी हातात पडायची, हे बाहेरून आणा. दुकानदार चार गोळ्या फोडून देत नसे, म्हणायचा आख्खा पत्ता घ्या. दोन दिवसांनी डॉक्टर ती गोळी बदलायचे आणि उरलेला पत्ता आपल्या पदरात. मी रोज त्यांच्या उशाशी पेपर वाचायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. पण चार वाजता बनाबाई यायची. आदल्या रात्री धारवाडवर काय लागले होते ते सगळे आवाज काढून करून दाखवायची, आणि ते हसायचे. हसता हसता खोकायचे. नर्सबाईने तिला दोनदा दटावले. मला कधीच दटावले नाही. माझ्या वाचण्याने त्यांना कधी खोकला आला नाही.

शेवटच्या दिवशी मी ही बाटली घेऊन आले तेव्हा खाट मोकळी झाली होती. आठवड्याने मी दुकानदाराकडे परत घेऊन गेले. सील बघा म्हटले, माणूस गेला माझा. तो म्हणाला, "बाई, विकलेला माल परत घेत न्हाई, पाटी लावलीय." मी पाटी वाचली. खरेच तसे लिहिले होते. वाचता येत नसते तर भांडले असते.

औषध मोरीत ओतावे. बाटली रॉकेलला चांगली आहे.

कलम ५. रेडिओ. तो माझे पती गेल्याच्या वर्षीच बंद पडला. सिदू रेडिओवाल्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, एक व्हॉल्व्ह गेलाय. गॅरंटी कार्ड काढले तर त्यात व्हॉल्व्ह सोडून सगळ्याची गॅरंटी होती. लाकडी खोक्याची गॅरंटी घेऊन काय करतात मला माहीत नाही. ज्या दुकानातून घेतला तिथे म्हणाले, हे मॉडेल आता येत नाही, ट्रान्झिस्टर घ्या. सिदूने तीनदा नेला आणि तीनदा आणून दिला. दोन दिवस खरखरायचा आणि गप्प व्हायचा. शेवटी तो म्हणाला, "मावशी, पुण्याहून जुना व्हॉल्व्ह मिळंल, पण त्या किमतीत नवा ट्रान्झिस्टर येतोय की." मी राहू दे म्हटले. वर तो म्हणाला, "आन बंद सेटचं लायसन्स कशाला भरताय दरसाल? रद्द करून टाका."

ते कशाला भरते, हे मी कोणाला सांगितले नव्हते. आता सांगते.

घरात रेडिओ ठेवायला सरकारी लायसन्स लागते, आणि जानेवारीत पोस्टात फी भरली की त्याची पुस्तके नवी करून देतात. सगळी एका गठ्ठ्यात ठेवतात आणि खिडकीतला बाबू एकेक नाव मोठ्याने पुकारतो. आमच्या लायसन्सवर माझ्या पतींचे नाव आहे. बाबू पुकारतो, सिद्धाप्पा येडू बंडगर. पोस्टभर ऐकू जाते. मी म्हणते, आहे. तो वर बघतो, दरवर्षी म्हणतो, मालक वारले ना, नाव बदलून घ्या. मी म्हणते, पुढच्या वर्षी. एवढ्यासाठी मी मुक्या रेडिओचे पैसे भरते. ते नाव पुकारले जाते आणि त्या वेळी तिथे बनाबाई नसते.

ती तो रेडिओ मागत होती. "गोजा, पडून हाय तर मला दे. भीमाशंकर करून घेईल दुरुस्त." मी दिला नाही. दिवाळीनंतरच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की माझ्यामागे रेडिओ सिदूला सुट्या भागांसाठी द्यावा, म्हणजे तो कोणाच्याच घरी वाजणार नाही.

यंदा जानेवारीत मला उठून बसवेना. भीमाशंकर पाळीवर होता. लायसन्सचे पुस्तक घेऊन बनाबाईला पाठवावे लागले. ती परत येईपर्यंत माझ्या पोटात दुखत होते ते दुखणे मला आठवले नाही. मी दाराकडे बघत होते आणि माझ्या मनात एकच, आता तिथे ते नाव पुकारतील आणि ही व्हय म्हणेल.

ती आली, पुस्तक माझ्या उशाशी ठेवले, पाणी प्याली.

मी विचारले, "अक्का, पुकारलं का?"

"पुकारलं की. लई मोठ्यांदा."

"मग तुमी काय म्हणलासा?"

"काय म्हणनार? गप उभी राहिले. त्यानं परत पुकारलं. तवा म्हटलं, त्या मानसाची बायकू आजारी हाय. मी नुसती पैशे घिऊन आले."

मी म्हटले, "येरवी तर गल्लीभर नावानं हाका मारायच्या."

"हाका मारायची ती निराळी गोस्ट. तिथं व्हय म्हणायचा मला काय हक हाय, गोजा?" मग ती लुगड्याच्या पदराला गाठ मारत बसली. गाठ सोडली, परत मारली. म्हणाली, "तुझं बरं हाय. वरसातनं एकदा का हुईना, पोस्टात तुझ्या मानसाचं नाव पुकारत्यात. माझ्या मानसाचं नाव कोन पुकारतंय? साधी सायकल न्हवती त्याच्या नावावर. मला तर त्येचं नाव घ्याया येत न्हाई. भीमाशंकर बी आता बा कसा हुता म्हणून इचारत न्हाई."

मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून लिहिते, हे ऐकून मला प्रथम बरे वाटले. इतकी वर्षे मी तिच्यावर जळत होते आणि तीही माझ्यावर जळत होती, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर माझे दिवस जरा सुखात गेले असते. मग ती भिंतीपलीकडे गेली आणि मला नेहमीसारखा तिचा उसासा ऐकू आला.

म्हणून आता असे लिहिते. रेडिओ बनाबाई मायाप्पा बंडगर हिला द्यावा. देण्याआधी तो सिदूकडून दुरुस्त करून घ्यावा आणि पुण्याच्या व्हॉल्व्हचा खर्च माझ्या बचतीच्या पुस्तकातून करावा, महाग पडला तरी. धारवाड स्टेशन नीट लागते याची खात्री केल्याशिवाय सिदूला पैसे देऊ नयेत. ती हसली तर कशाला हसली हे कोणी तिला मराठीत विचारू नये.

कलम ६. लायसन्स मात्र तिला देऊ नये. ते पुस्तक माझे आहे. मला घरातून नेताना ते माझ्या अंगावरच्या लुगड्याच्या घडीत ठेवावे, आणि ठेवले की नाही हे रामहरी शेठनी स्वतः पाहावे. आता पुढे ते नाव पोस्टात कोणी पुकारलेले मला नको आहे.

लायसन्सशिवाय रेडिओ ठेवणे गुन्हा आहे. तरी बनाबाईने स्वतःच्या नावाने नवे लायसन्स काढावे. पहिल्या वर्षाची फी माझ्या बचतीच्या पुस्तकातून भरावी. अर्जावर नुसते बनाबाई लिहू देऊ नये, भीमाशंकरने मधल्या नावासकट पूर्ण लिहावे. दर जानेवारीत बनाबाईने स्वतः जावे, मुलाला पाठवू नये. खिडकीतला बाबू पूर्ण नाव पुकारतो, मायाप्पासकट, आणि त्याचा आवाज मोठा आहे. त्या वेळी तिने गप्प उभे राहू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे. व्यवस्था पाहण्याचे काम रामहरी शेठ यांच्याकडे देत आहे. बनाबाईला यातून काही मिळत असल्याने तिला साक्षीला घेतलेले नाही. ती दाराशी बसली आहे आणि काय लिहितेस म्हणून विचारते आहे. तिला नंतर वाचून दाखवावे.

सही: गोजाबाई सिद्धाप्पा बंडगर

आमच्या दोघांच्या समोर गोजाबाईने सही केली. आम्ही तिच्या समोर आणि एकमेकांच्या समोर साक्ष घातली:
१. रामहरी भानुदास गुंड, किराणा दुकानदार, सही
२. केराबाई तुकाराम माळी, शेजारीण, डाव्या अंगठ्याची निशाणी

मुक्काम सोलापूर
तारीख ९ फेब्रुवारी १९७७